राजाच्या उंटापुढचं प्यादं

वेंट्सपिल्सचं वाचनालय, फेब्रुवारीतला शनिवार,
ओल्या लोकरी कोटांचा वास.
पाचवी फेरी. सहा नंबरच्या पटावर मी
आणि कुल्डिगाचा एक दंतवैद्य
बरोबरीकडे सावकाश निघालेलो,
म्हणून माझा डोळा शेजारी.

शेजारी विस्वाल्दिस. बंदरातल्या क्रेनवर एकतीस वर्षं.
गुडघे गेले, हात तसेच राहिले:
प्यादंसुद्धा कोळशाच्या बादलीसारखं उचलतो,
वर, बाजूला, खाली.
समोर तेक्ला ब्रूवेरे, वय अकरा.
दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसलेली,
हातांनी डोक्याच्या आधी धावू नये म्हणून.

तिने राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं. त्यानेही.
तिचा घोडा बाहेर आला.
आणि मग त्याने तेच केलं
जे तो शाळेत असल्यापासून करत आलाय:
राजाच्या उंटापुढचं प्यादं, दोन घरं.
थंडीत आपल्याच हाताने
दाराची कडी काढून ठेवावी तसं.

या सुरुवातीला आमच्या देशाचं नाव आहे.
नाव आमचं, आणि खाली सगळीकडे एकच शेरा:
टिकत नाही.
लहानपणी मला वाटायचं
हे बुद्धिबळाबद्दल नसावं.

तेक्लाला शेरा पाठ होता. प्यादं खाल्लं.
त्याचा वजीर लगबगीने घराबाहेर,
तिचा घोडा मागे, दुसरा घोडा पुढे,
वजीर एक घर माघारी, ओशाळल्यासारखा.
ती खेळी करायची, घड्याळ दाबायची, तळवे परत मांड्यांखाली.
नऊ खेळ्या, चार मिनिटं.
नवव्या खेळीला तिने किल्लेकोट केला
आणि दोन्ही घोडे त्याच्या एका प्याद्यापुढे
उघड्यावर सोडून दिले.

आमिष होतं. मला दिसलं, दंतवैद्यालाही दिसलं,
त्याने भुवई उचलली.
ते प्यादं पुढे सरकवणारा माणूस
तिच्या यंत्राने कधी दाखवलाच नसेल.

विस्वाल्दिसने थर्मास उघडला.
झाकणात चहा ओतला, अर्धा प्यायला.
बाहेर कुठल्याशा जहाजाने भोंगा दिला, लांबलचक;
त्याने मान किंचित कलती केली,
कुठल्या धक्क्यावर लागतंय ते कानाने बघितलं असणार.
मग प्यादं उचललं.
वर, बाजूला नाही, सरळ पुढे.

तेक्लाचे हात मांड्यांखालून निघाले.
पहिल्यांदाच.
कोपरं टेबलावर, गाल मुठींवर,
आणि ती पटाकडे बघायला लागली.
आतापर्यंत ती बघतच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.
दहा मिनिटं. वीस. पस्तीस.
वेणीचं टोक दातांत.
विस्वाल्दिस एवढा खूश दिसत होता
की मला त्याची लाज वाटली, मग माझी.

हत्ती राजाच्या ओळीत आणला तिने. बरोबर होतं.
एक घोडा गेला, पण मधली ओळ मोकळी झाली
आणि त्या ओळीतून वारा शिरला तो थांबला नाही.
तेविसाव्या खेळीला विस्वाल्दिसने राजा आडवा केला,
अगदी हळू, झोपलेल्याला कूस बदलून द्यावी तसा.

"हरणार हे माहीत होतं तुम्हाला?" तिने विचारलं.
"हो."
"मग?"
"तू कशी जिंकतेस ते माहीत नव्हतं."
ती रागावली. मोठ्यांची असली उत्तरं
मलाही त्या वयात आवडत नसत.
ती खेळींचा कागद न घेताच गेली,
दारापर्यंत जाऊन परत आली, घडी करून खिशात घातला.

मी बरोबरी घेतली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी सहावी फेरी. तेक्ला तीन नंबरच्या पटावर, काळी.
समोरच्याने राजापुढचं प्यादं टाकलं. तिनेही.
घोडा आला.
तिचा हात सुटला, गेला थेट उंटापुढच्या प्याद्यावर,
दोन बोटं टोकाला टेकली.
"नीट करतेय," ती पुटपुटली,
प्यादं त्याच्या घरात मधोमध सरकवलं,
आधीही ते मधोमधच होतं,
आणि मग शहाण्या मुलीसारखा
वजिराकडचा घोडा काढला.